तापाची वाट

चौथीच्या वर्गातली एकवीस मुलं त्या आठवड्यात तापाने आडवी झाली होती. बाईंनाही ताप होता, म्हणून उरलेली मुलं पाचवीच्या वर्गात बसवली होती. तिर्झा रोहेकर मात्र रोज डबा घेऊन शाळेत जात होती आणि रिकाम्या बाकांवर उड्या मारून, हातपाय काळे करून घरी येत होती.

"पोरगी तुमची लोखंडाची आहे हो!" शेजारच्या भायदेकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या. "आमच्याकडे तिघंही पडलीत. काय खायला घालता तिला?"

अबिगेल हसली. सुरमईबद्दल काहीतरी बोलली. मग घरात येऊन तिने दार लोटलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. 

तिर्झाला दोन वर्षं तीन महिने एकदाही ताप आला नव्हता. अकरा दिवसांपूर्वीपर्यंत अबिगेल ही गोष्ट भेटेल त्याला अभिमानाने सांगत असे. आता तोच आकडा ती कोणापुढे काढत नव्हती.

अबिगेलचं माहेरही अलिबागचंच, बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. तिच्या घरात एक वेगळाच ताप होता, त्याला 'पाहुणा' म्हणत. अडीच-तीन आठवड्यांनी यायचा, तीन दिवस मुक्काम करायचा आणि आला तसा निघून जायचा. पोटात कळा, गुडघे सुजलेले, श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरल्यासारखी. चौथ्या दिवशी माणूस उठून कामाला लागलेलं. गावातल्या डॉक्टरांनी त्याला मलेरिया म्हटलं, टायफॉइड म्हटलं, 'मुलीला शाळा नको असेल' असंही म्हटलं. आईने एलियाहू हन्नबी प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला, दृष्ट काढली, शेवटी कोणीतरी सांगितलेलं कडू मूळ आणायचंही ठरवलं होतं. आणि या सगळ्यात थोरला भाऊ मोशे बत्तिसाव्या वर्षी गेला. तापाने नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन.

खरं नाव कळलं ते मोशे गेल्यावर. इस्राएलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या मावसबहिणीने कळवलं की हा आजार आनुवंशिक आहे, तिकडे तो घरोघरी माहीत आहे आणि त्यावर औषध आहे. दिवसाला दोन गोळ्या. कोल्चिसिन. गंमत म्हणजे कोकणातल्या कुंपणांवर पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं घेऊन चढणाऱ्या कळलावीच्या मुळात तेच द्रव्य असतं. आईला कोणीतरी सांगितलेलं कडू मूळ बहुधा तेच. पण मुळात ते किती आहे हे मोजता येत नाही, आणि जास्त झालं तर माणूस दगावतो. अबिगेलला गोळ्या लागू पडल्या. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कळलं की सलग दोन महिने अंग न दुखता जगता येतं.

एरनशी लग्न ठरलं तेव्हा त्याच्या घरात हा आजार कोणालाच नव्हता, म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण त्या जनुकाची बिघडलेली प्रत एकच असेल तर बहुतेकांना काहीच होत नाही. ती गुपचूप बसून राहते. एरनकडे ती एक प्रत होती. तिर्झाला एक आईकडून आली, एक वडिलांकडून. एरन बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप चालवायचा, धडधाकट माणूस, आयुष्यात कधी अंथरूण धरलं नव्हतं. मुलीला पहिला ताप आला आणि तपासणीचा कागद हातात पडला, तेव्हा तो वर्कशॉपमध्ये जाऊन दिवसभर बसून राहिला होता.

तिर्झाला गोळ्या लागू पडल्या नाहीत. दहातल्या एखाद्याला नाहीच पडत. मग महिन्याच्या इंजेक्शनांनी सहा महिने गुण आला आणि तोही ओसरला. सहाव्या वर्षी तिच्या लघवीत प्रथिनं दिसू लागली. मोशेचीही सुरुवात तशीच झाली होती.

त्याच सुमारास पुण्यातल्या संशोधन संस्थेतून बोलावणं आलं.

डॉ. चारुलता बारटक्के या तिथल्या मुख्य. पन्नाशीच्या, बारीक, बोलताना टेबलावरची पेन्सिल उभी-आडवी करत राहणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं ते अबिगेलला अजून शब्दशः आठवत होतं.

"आपल्या पांढऱ्या पेशींत पायरिन नावाचं एक प्रथिन असतं. तो पहारेकरी समजा. एरवी त्याचं तोंड बांधलेलं असतं. जंतूने पेशीत शिरून गडबड केली की ती गाठ सुटते आणि तो बोंब ठोकतो. ती बोंब म्हणजे इंटरल्युकिन, रक्तातून जाणारा निरोप. त्या निरोपाने ताप चढतो, दुखायला लागतं, सूज येते, बाकीच्या पेशी धावून येतात. तुमच्या घरात ती गाठच सैल आहे. चोर नसताना पहारेकरी ओरडतो. आणि अशा प्रत्येक तापात रक्तातून एक प्रथिन वाहतं, त्याचा गाळ मूत्रपिंडाच्या जाळीत साचत जातो. मूत्रपिंडं त्यानेच जातात."

"मग गाठ आवळायची?" एरनने विचारलं.

"कोल्चिसिन तेच करतं. ज्यांना ते पुरत नाही, त्यांच्यासाठी आम्ही दुसरं केलंय. मुलीच्या हाडांतली थोडी मज्जा काढायची. तिच्यातल्या मूळ पेशींत एक नवं जनुक बसवायचं आणि परत सोडायचं. आम्ही त्याला कुलूप म्हणतो. या नव्या पेशींना निरोपाचा वास आला की त्या तो जागच्या जागी गिळून टाकतात. ताप चढायच्या आधीच संपतो."

"आणि खरा चोर आला तर?" अबिगेलने विचारलं होतं.

"खरी बोंब फार मोठी असते. ती कुलपाला आवरत नाही, तशीच त्याची मर्यादा ठेवली आहे." पेन्सिल आडवी झाली. "शिवाय चावी देतो. हे पेन. फ्रिजमध्ये ठेवायचं. टोचलं की कुलपाच्या सगळ्या पेशी काही तासांत स्वतःला संपवतात आणि मुलीची जुनी मज्जा काम हाती घेते. मात्र चावी एकदाच लावता येते. ज्या विषाणूच्या पाठीवर बसवून आपण ते जनुक आत पाठवतो, त्याला शरीर पहिल्या खेपेतच ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा त्याचा माग असलेल्या पेशी सोडल्या की शरीर त्या मारून टाकतं, म्हणजे कुलूप पुन्हा बसत नाही."

कुलूप बसलं. पहिले एकवीस दिवस गेले, मग चाळीस, मग शंभर. लघवीतली प्रथिनं नाहीशी झाली. तिर्झा पोहायला शिकली, उंच झाली, दंगेखोर झाली. घरात हसण्याचे आवाज येऊ लागले.

आणि मग रेहानाचा फोन आला.

रेहाना मुकादम श्रीवर्धनची. कुलूप बसवताना पुण्याच्या वॉर्डात दोघींच्या पोरींच्या खाटा शेजारी होत्या. तिर्झा आणि सिद्रा, दोघी तेव्हा सातच्या. अबिगेल अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नोंदी ठेवण्याचं काम करायची. तिथल्या यंत्रघरात फोन नेता येत नाही. त्या दिवशी दुपारी ती बाहेर आली, तर रेहानाचे सात फोन येऊन गेले होते.

"सिद्रा गेली," रेहाना म्हणाली. रडत नव्हती. "सकाळी नाश्ता केला, अंगणात खेळली. म्हणाली अम्मी, जरा पडते. मी उठवायला गेले तर उठेचना. डॉक्टर म्हणाले पोटात सगळा पू झाला होता, चार-पाच दिवसांचा. चार-पाच दिवस, अबिगेल! पोरीला साधी कणकण नव्हती ओ. पोट दुखतं म्हणाली नाही. मी निजायच्या आधी कपाळाला हात लावला होता तिच्या. थंडगार होतं."

 अबिगेल यंत्रघराच्या पायरीवर बसली.

"तुमच्या तिर्झाला बघा," रेहाना म्हणाली. "एवढंच सांगायला केला फोन. बघा तिच्याकडे."

बारटक्केबाईंनी फोनवर सांगितलं की चौऱ्याहत्तर मुलांमधली ही एक घटना आहे. संबंध सिद्ध झालेला नाही. तपास चालू आहे. पण मग त्या म्हणाल्या, "काही मुलांमध्ये कुलपाच्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त वाढल्यात. तसं झालं तर मोठी बोंबही गिळली जाऊ शकते. तिर्झाचा नमुना पाठवा. पंधरा दिवसांत आकडा सांगते."

त्या पंधरा दिवसांतला हा अकरावा होता.

अबिगेलने मुलीला चाचपायला सुरुवात केली. शाळेतून आली की पोट दाबून बघायचं, घशात बॅटरी मारायची, कानामागे हात फिरवायचा. रक्त, लघवी, डोळ्यांच्या कडा. तिर्झा आधी खिदळायची, मग वैतागायची, मग दाराला आतून कडी घालू लागली. अबिगेलने तिच्या मनगटाला नाडी मोजणारा पट्टा बांधला आणि वेधशाळेतल्या आलेखांसारखा त्याचा आलेख रोज संध्याकाळी पाहू लागली.

"अबी, पुरे आता," एरन एका संध्याकाळी म्हणाला. तो वर्कशॉपमधून आला होता, हाताचं तेल चिंधीने पुसत होता. "पोरीला दोन वर्षं जगायला मिळालं. तू ते पण काढून घेतेयस."

"सिद्राच्या आईनेही काही पाहिलं नव्हतं."

"चौऱ्याहत्तरातली एक. आणि ताप होता तेव्हा? तेव्हा काय होतं आठवतंय ना? आपल्या लग्नाआधी, गाडी माझ्याकडे होती म्हणून, मोशेभाऊंना डायलिसिसला मी घेऊन जायचो. मागच्या सीटवर ते काय बोलायचे ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगणारही नाही." त्याने चिंधी कोपऱ्यात फेकली. "मला परत ते नकोय. माझ्याच रक्तातून गेलंय ते तिला. अर्धं माझं आहे."

 त्याचं खोटं नव्हतं. पण तिची भीती तेवढ्याने कमी झाली नाही. तापाची भीती तिला लहानपणापासून ओळखीची होती. त्याची चाहूल लागायची, त्यात कुठे दुखतं ते ठाऊक होतं, तिसऱ्या दिवशी संपतो हेही. या नव्या भीतीला काही रूपच नव्हतं. मुलगी हसत होती, खात होती, आणि तेच भीतीचं कारण होतं.

बुधवारी संध्याकाळी पट्ट्याचा आलेख आला नाही. गुरुवारीही नाही. तिर्झा म्हणाली, चार्जिंग संपलंय. आणि अबिगेलने, एरनच्या तोंडाकडे बघून, तो विषय ताणला नाही. पुढे कितीतरी महिने तिला त्या दोन दिवसांची टोचणी लागून राहिली.

शनिवारी सकाळी वर्कशॉप बंद होतं. तिघं मिळून नाश्त्याला बसली. घावणे आणि नारळाचा रस. तिर्झा गाणं गुणगुणत होती, पाय हलवत होती.

"आई, मला... अजून एक."

अबिगेलने घावण तव्यावरून ताटात टाकलं.

"आणि रस... जास्त."

अबिगेलचा हात थांबला. वाक्य मधेच तुटत होतं. तिर्झा दोन शब्दांच्या मधे श्वास घेत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. अबिगेलने घड्याळाकडे बघत मुलीच्या छातीवर फ्रॉक किती वेळा हलतो ते मोजलं. वर, खाली. वर, खाली. मिनिटाला सेहेचाळीस.

"तिर्झा, पट्टा कुठाय?"

"दप्तरात. वर्गात सगळे हसतात."

पट्टा बांधला. नाडी एकशे चौतीस. कपाळ थंड. ओठांच्या कडेला कसलीशी निळसर छटा होती, जांभळं खाल्ल्यासारखी.

"मला काही होत नाहीये!" तिर्झा ओरडली, आणि एवढ्या ओरडण्याने तिला पुन्हा दोनदा श्वास घ्यावा लागला.

एरनने गाडीची किल्ली उचलली. अबिगेलने फ्रिजमधलं पेन बर्फाच्या डब्यात घातलं. एरनने ते पाहिलं आणि दार उघडलं.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात दारातच तपासणीचं यंत्र होतं. माणूस समोर उभं राहिलं की ते अंगाची ऊब, चेहरा, चाल बघून पट्टी छापतं. लाल पट्टीवाल्यांना आधी आत घेतात. तिर्झाला हिरवी पट्टी मिळाली. साथीचे दिवस होते. पुढे तीस-चाळीस माणसं होती.

अबिगेल रांगेत उभी राहिली नाही. ती मुलीला उचलून सरळ आत शिरली. आत एक तरुण डॉक्टर होते, पाटणे म्हणून. डोळे झोपेविना सुजलेले. ते तरीही रागावले नाहीत. छातीला नळी लावली, बोटातून रक्त घेऊन दहा मिनिटांत आकडे पाहिले.

"ताप नाही. खोकला नाही. रक्तात सूज दाखवणारा आकडा जवळजवळ शून्य आहे. इतका चांगला आकडा मी आज कोणाचाच बघितला नाही." ते थकून हसले. "आई, मुलगी घाबरून जोरात श्वास घेतेय. तुम्हीच घाबरल्यात, ते बघून."

"डॉक्टर, तिच्यात सूज दाखवणारी सोयच बंद केलेली आहे. मुद्दाम. तुमचं यंत्र जे शोधतंय ते तिच्या अंगात तयारच होत नाही." अबिगेलने तिर्झाची बोटं त्यांच्यापुढे धरली. "मी हात जोडते. एक फोटो काढा छातीचा. त्यात काही नसलं तर मी परत तुमच्या दारात येणार नाही."

पाटण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिर्झाच्या नखांकडे. आणि उठले.

फोटोत उजवं फुप्फुस जवळजवळ सगळं पांढरं होतं.

पाटण्यांनी पडद्यावरचं नाव दोनदा वाचून खात्री केली. बाजूला तिर्झा खाटेवर मांडी घालून बसली होती आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून आवाज काढून बघत होती.

"हे असं..." ते हळूच म्हणाले. "असा न्यूमोनिया झालेलं मूल बोलू शकत नाही. विव्हळत असतं."

पुण्याला फोन लागला. बारटक्केबाई पडद्यावर आल्या. फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अँटिबायोटिक लगेच सुरू करा. पण नीट ऐका. औषध जंतूंना अर्धमेलं करतं, बाकीचं काम पांढऱ्या पेशींनी करायचं असतं. आत्ता त्यांना कोणी बोलावतच नाहीये. त्या रक्तातून नुसत्या फिरतायत आणि शेजारी फुप्फुस कुजतंय. कुलूप काढावं लागेल. आत्ता. दोघांची सही घ्या."

"आणि मग?" एरनने विचारलं.

"मग जुनी मज्जा जागी होईल. झाली पाहिजे."

"ते नाही विचारलं. नंतर?"

बारटक्केबाई म्हणाल्या, "नंतर मूळ आजार परत येईल. कुलूप पुन्हा बसवता येणार नाही. दुसरं काही निघेपर्यंत."

"किती वर्षांत निघेल?"

"मला माहीत नाही, एरन."

एरनने कागद खाली ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात निघून गेला.

तिर्झाने सगळं ऐकलं होतं. तिने मास्क ओढून खाली केला. "आई, नको. ताप... नको मला. आई, मी... झोपून राहीन. पट्टा पण घालीन. मला काहीच... दुखत नाहीये बघ. बघ ना!" आणि तिने आपल्याच छातीवर उजव्या बाजूला मूठ आपटून दाखवली.

अबिगेलने तिची मूठ धरली. ऑक्सिजन देऊनही यंत्रावरचा आकडा नव्वदच्या खाली चालला होता. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी.

ती व्हरांड्यात गेली. एरन कठड्याला धरून उभा होता.

"मी नाही करणार सही," तो म्हणाला. "माझ्या हाताने तिला परत त्यात ढकलणार नाही. औषध सुरू केलंय ना? बघू संध्याकाळपर्यंत."

"सिद्रा संध्याकाळपर्यंत राहिली नव्हती."

"आणि चावी लावून वाचलीच नाही तर? जाता जाता तो छळ तेवढा द्यायचा?"

"मला नाही माहीत," अबिगेल म्हणाली.  "मला काहीच माहीत नाही, एरन. मी तुझ्याइतकीच घाबरलेय. त्या तापात मी सव्वीस वर्षं काढलीत. तो काय आहे ते तुला बघून ठाऊक आहे, मला आतून ठाऊक आहे. आणि तरी मी सांगतेय, येऊ दे. तो आला तर तिच्यात भांडायला कोणीतरी आहे असं होईल. आत्ता आत कोणीच नाहीये. ती एकटी आहे."

आतून पाटण्यांनी हाक मारली. "पंच्याऐंशी!"

एरनने सही केली. अक्षर लागत नव्हतं, पण केली.

पेन अबिगेलनेच टोचलं, मांडीत. एरनने मुलीचे खांदे धरले होते. तिर्झा रडली नाही. आईकडे अशा नजरेने पाहत राहिली की अबिगेलला मान फिरवावी लागली. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग ते वाट पाहू लागले.

साडेबाराला थर्मामीटर छत्तीस पूर्णांक एक. दोन वाजता पस्तीस पूर्णांक नऊ. तिर्झा आता बोलत नव्हती. डोळे अर्धवट मिटलेले, आणि तरी चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. चेहरा इतका शांत होता की त्या शांततेचीच अबिगेलला धडकी भरली. पाटण्यांनी श्वासाचं यंत्र खाटेजवळ आणून ठेवलं. बारटक्केबाई पडद्यावरून हलल्या नव्हत्या.

"कुलपाच्या पेशी मरतायत," त्या तीन वाजता म्हणाल्या. "रक्तात त्यांची संख्या एक दशांश झालीय."

"मग ताप का येत नाही?"

बारटक्केबाईंनी पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. अबिगेलला कळलं. जुनी मज्जा दोन वर्षं निजून होती. ती उठेलच असं कोणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. कुलूपही नाही आणि पहारेकरीही नाही, असंही होऊ शकत होतं.

अबिगेलने मुलीचे पाय हातात घेतले आणि चोळू लागली. ओठांत प्रार्थना सुरू होती, पण शब्द भलतेच येत होते. ये, ती म्हणत होती. ये रे बाबा. इतकी वर्षं न बोलावता आलास. आज बोलावतेय, तर ये.

चार वाजून दहा मिनिटांनी तिर्झाच्या पोटरीवर काटा उभा राहिला.

अबिगेलला वाटलं भास झाला. मग दुसऱ्या पोटरीवर. मग दात वाजायला लागले आणि खाट हलू लागली. सदतीस पूर्णांक चार. अडतीस पूर्णांक दोन. एरन थर्मामीटर धरून आकडे मोठ्याने वाचत होता, जसा एखादा माणूस बुडणाऱ्या बोटीवरून खोली ओरडून सांगतो. एकोणचाळीस पूर्णांक सहा!

एक नर्स सवयीने धावत आली. तिच्या हातात ताप उतरवायचं इंजेक्शन होतं. अबिगेलने तिचं मनगट पकडलं.

"नको, सिस्टर. थांबा. चढू दे."

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. पाटण्यांनी मान हलवली.

आणि मग तिर्झा किंचाळली. उजव्या कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, ती अशी किंचाळली की दारातली माणसं आत डोकावली. पहिल्यांदा खोकली. खोकल्यातून गंजाच्या रंगाचा बेडका पडला. "आई, दुखतंय! आई गं! काढ ना ते, आई!" अबिगेल तिच्यावर ओणवी होऊन तिला धरून राहिली. स्वतःच्या लहानपणाची प्रत्येक कळ तिला बरगडीत आठवत होती. तिला आनंद झाला होता आणि तिला भीती वाटत होती, आणि दोन्हींतलं काय जास्त आहे ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिर्झाला मुंबईला हलवलं. छातीत नळी घालून पू काढला. सोळा दिवसांनी ती घरी आली तेव्हा फ्रॉक तिच्या खांद्यांवरून घसरत होता.

संस्थेने प्रयोग थांबवला. तिर्झाच्या नमुन्याचा आकडाही आला. कुलपाच्या पेशी ठरवलेल्या मर्यादेच्या नऊपट झाल्या होत्या. बाकीच्या बहात्तर घरांना बारटक्केबाईंनी स्वतः फोन केले. त्यातल्या पुष्कळांनी अबिगेलला फोन केले. मॅडम, आमचा मुलगा ठणठणीत आहे, आम्ही काय करावं? ती कोणालाच सल्ला देऊ शकली नाही. श्वास कसे मोजायचे, नखांचा रंग कसा बघायचा, तेवढं तिने प्रत्येकाला सांगितलं. रेहानाने एकदाच फोन केला. "वाचली?" एवढंच विचारलं. अबिगेल "हो" म्हणाली. आणि पलीकडून फोन बंद झाला.

तिर्झा आईशी बोलत नव्हती. जेवायचं, औषध घ्यायचं, पट्टा बांधून घ्यायचा, सगळं निमूटपणे. पण बोलायचं पप्पांशी.

घरी आल्यावर नवव्या दिवशी, दुपारी, ती शाळेची वही घेऊन बसली असताना एकदम पोटावर हात दाबून वाकली. संध्याकाळपर्यंत अंग भाजत होतं. फुप्फुस स्वच्छ होतं. चोर कुठेच नव्हता. घरचाच ताप परत आला होता.

अबिगेलने खाट खिडकीजवळ ओढली, पाण्याच्या पट्ट्या केल्या. तिर्झा भिंतीकडे तोंड करून पडली. पहिला दिवस गेला. एरन दारात येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी, भिंतीकडे तोंड तसंच ठेवून तिर्झा म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

"तू नको म्हणालीस."

"म्हणजे विचारलं नाहीसच."

अबिगेलने पट्टी बदलली. कपाळावर ठेवल्या ठेवल्या ती गरम होत होती.

"परत कधी माझ्याबद्दल असं ठरवायचं असेल," तिर्झा कळ थांबेपर्यंत थांबली, "तर मला विचारशील?"

"विचारीन."

"आणि मी नको म्हटलं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. आजारी मुलाशी सगळेच बोलतात, अबिगेलची आईही शेकडो वेळा बोलली होती. उद्या बरं वाटेल. परत नाही येणार तो.

"तरी करीन," अबिगेल म्हणाली. "तू वाचणार असशील तर तुझं ऐकणार नाही. तू आयुष्यभर बोलली नाहीस माझ्याशी, तरी."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.  तिर्झाने दात आवळून, एका हाताने पोट धरून, स्वतःला इंच इंच भिंतीकडे सरकवलं. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

अबिगेल तिथे आडवी झाली, आणि मुलीच्या तापलेल्या पाठीला पाठ लावून तिसऱ्या दिवसाची वाट पाहू लागली.